रॉड ‘मानवला नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

मोडलेल्या हाडात रॉड घातल्यावर काही महिन्यांनी जखम वाहू लागली की घरचं निदान तयार असतं: ‘रॉड अंगाला मानवला नाही.’ नाहीतर पेशंटने पथ्य मोडलं. पथ्याचा इथे काडीचा संबंध नाही. पू झाला, तर बहुतेक वेळा जिवाणूंनी ठाण मांडलेलं असतं, तेही आपल्याच प्रथिनांना धरून.

रक्त लागताच काही क्षणांत धातूवर फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन यांसारख्या प्रथिनांचा लेप बसतो. एरवी कातडीवर गुमान राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस या जिवाणूकडे ‘एसडीआरजी’ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या दोन भागांमध्ये एक खाच असते. फायब्रिनोजेनच्या एका साखळीचं टोक त्या खाचेत शिरलं की एसडीआरजीची शेपटी वरून आडवी पडते आणि शेजारच्या भागात जाऊन अडकते. कडी लावून वर अडसर घालावा, तसं. ही पकड सोडवायला सुमारे 2 नॅनोन्यूटन बळ लागतं, जवळपास सहसंयुज बंध, म्हणजे रेणूतल्या अणूंना जोडणारा मजबूत बंध, तोडण्याइतकं! बंध मात्र साधेच, हायड्रोजनचे. पण ओढ अशा दिशेने बसते की ते कपड्याच्या चेनच्या दातांसारखे एकेक करून सुटत नाहीत, सगळे एकदम तुटावे लागतात.

चिकटलेले जिवाणू मग भोवती चिकट शर्करा आणि डीएनए यांचं आवरण विणतात. हीच बायोफिल्म. आतले बरेच जिवाणू सुस्तावलेले असतात. पेनिसिलिनसारखी औषधं पेशीभित्तिका बांधली जाताना घाव घालतात, बांधकामच बंद असेल तर काय करणार? परक्या वस्तूचा आधार मिळाला की थोडे जिवाणूही पुरतात. 1957च्या एका प्रयोगात नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो स्टॅफिलोकोकस लागले, रेशमी टाका असताना काही शेकडे पुरले.

स्टॅफिलोकोकस ऑरियस तर हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनालाही धरतो आणि हाडातल्या, स्वतःपेक्षाही अरुंद अशा सूक्ष्म नलिकांमध्ये घुसतो. तिथे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत.

घोटाळा बहुधा इथे होतो: जखम वाहताच अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होतात, मग कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, काही उगवत नाही. पेशंटची प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर नमुन्यांपूर्वी औषधं साधारण 2 आठवडे थांबवतात. वरवरचा स्वॅब दिशाभूल करतो; खोलवरच्या ऊतींचे 5-6 नमुने, प्रत्येकी वेगळ्या उपकरणाने घ्यावे लागतात. संथ वाढणाऱ्या जिवाणूंसाठी कल्चर 14 दिवस ठेवतात. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक बायोफिल्ममधल्या स्टॅफिलोकोकसवर चालतं, पण एकट्याने कधीच देत नाहीत. जिवाणूच्या एका जनुकातला एखादा बदलही त्याला निकामी करायला पुरतो.