गळके छप्पर आणि घामेजलेले छप्पर

कोकणात पावसाळा लागला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे छप्पर गळते आहे. या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळे दोष झाकले जातात आणि दुरुस्तीला येणारा माणूसही बहुधा ते वेगळे करून पाहत नाही. गळती म्हणजे बाहेरचे पावसाचे पाणी फटीतून आत येणे. घाम म्हणजे घरातल्या हवेतले बाष्प थंड पत्र्याच्या खालच्या अंगाला पाणी होऊन धरणे. जमिनीवर पडणारा थेंब दोन्हींचा सारखाच दिसतो, खाली ठेवलेली बादलीही तीच असते, पण उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत, कारण गळके छप्पर बंद करावे लागते आणि घामेजलेले छप्पर मोकळे करावे लागते. घामेजलेल्या छपराच्या फटी सिलिकॉन भरून बुजवणे हा घर आतून कुजवण्याचा खात्रीचा मार्ग आहे आणि गेल्या काही वर्षांत तो मी इतक्या घरांत पाहिला आहे की हे सविस्तर लिहिण्यावाचून राहवत नाही.

गळतीबद्दल कौलारू घरात वाढलेल्या माणसाला फारसे सांगायला नको. माकडांनी फोडलेले कौल, झावळ पडून सरकलेले कौल, आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या, कौलांचा सुटलेला चुना, दोन पाखी म्हणजे छपराचे उतार मिळतात तिथल्या पन्हळीत साचलेला पाचोळा आणि पत्र्याच्या स्क्रूखालचे वाळून तडकलेले रबरी वायसर ही तिची नेहमीची कारणे आहेत. मृग लागण्याआधी घर शाकारताना यातील बहुतेक दोष हाताखालून जातात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की पाणी जिथे ठिबकते तिथेच ते शिरलेले असते असे नाही. ते वाशाच्या अंगाने चार-चार हात खाली वाहत येते आणि एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी सुटते, म्हणून शोध नेहमी ठिबकण्याच्या जागेपासून वर आढ्याकडे घ्यावा.

आता घामाकडे वळू. हवेत जितके बाष्प असेल त्यानुसार एक तापमान ठरते, ज्याच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. त्याला दवबिंदू म्हणतात. देशावरच्या उन्हाळ्यात हवा ३५ अंशांची आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर दवबिंदू जेमतेम १५ अंशांवर येतो आणि तिथला पत्रा तेवढा थंड होण्याचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा २६ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा दवबिंदू २४ अंशांवर असतो. म्हणजे पत्रा खोलीतल्या हवेपेक्षा फक्त दोन अंशांनी थंड झाला तरी त्याला घाम फुटतो. संततधार पाऊस अंगावर घेणाऱ्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला हे दोन अंश उतरायला वेळ लागत नाही, कारण एवढ्या पातळ धातूत उष्णता साठूनच राहत नाही.

त्यात घरातले बाष्प मिळते. पावसाळ्यात दोरीवर न वाळणारे कपडे, दोन वेळचा भात, आंघोळीचे ऊन पाणी यांची वाफ सर्वांना दिसते, पण गॅसच्या शेगडीची दिसत नाही. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होते आणि १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी बाष्परूपाने घरात सोडले जाते. पूर्वी चुलीतूनही बाष्प निघे, पण चुलीची ऊब छपरापर्यंत पोचे आणि धूर धुराड्यातून नि कौलांच्या फटींतून बाहेर जाताना ते बाष्प सोबत नेई. शेगडी आल्यावर धुराडे बुजले, फटी बुजल्या आणि वाफ मात्र घरातच राहिली.

साध्या कौलारू छपराला हा त्रास सहसा होत नाही, याला कारण आहे. १८६० च्या दशकात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या लोकांनी मंगळुरात बनवायला घेतलेले हे कौल भाजलेल्या मातीचे आहे आणि ते थोडे पाणी पिते. मी एक कोरडे कौल तोलून रात्रभर बादलीत बुडवून ठेवले होते आणि सकाळी पुन्हा तोलले तेव्हा ते जवळजवळ तीनशे ग्रॅमनी जड भरले. खालच्या अंगाला धरलेली ओल कौल शोषून घेते आणि उघडीप मिळाली की वरच्या अंगाने सोडून देते. शिवाय छपरावर जितके सांधे तितक्या वारा खेळायला वाटा असतात. त्यामुळे नुसत्या कौलांखाली थेंब पडत असेल तर ती गळतीच आहे असे धरून चालायला हरकत नाही. गोंधळ सुरू होतो तो पत्रा आल्यापासून.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घराची मागची पडवी हे त्याचे उदाहरण. कौले काढून तिथे रंगीत पत्रे घातले आणि पहिल्याच पावसाळ्यात चुलीच्या जागी आलेल्या ओट्यावर थेंब पडू लागले. पत्रे बसवणाऱ्याने स्क्रू बदलले. दुसऱ्या वर्षी प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉनचा गोळा बसवला. तिसऱ्या वर्षी पत्रा आणि भिंत यांच्यामधली वळचणीची मोकळी जागा फोमने भरून टाकली आणि त्या वर्षी थेंब दुप्पट झाले. मग डिसेंबरातल्या एका पहाटे, महिनाभर पाऊस नसताना, ओट्यावर पाण्याचे ठिपके दिसले. बॅटरी लावून वर पाहिले तर पत्र्याचा सगळा तळ बारीक, सारख्या आकाराच्या थेंबांनी भरला होता आणि आत आलेल्या स्क्रूच्या प्रत्येक टोकावर एकेक थेंब लोंबत होता. वर पाऊस नव्हता, भोकही नव्हते. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा आपली उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि अंगणातल्या गवतावर पडते तसेच दव त्याच्या पोटाला धरते.

लोकांना चकवणारी खरी जागा हीच आहे. पाऊस असताना थेंब पडला की गळती आणि पाऊस नसताना पडला की घाम, ही परीक्षा डिसेंबरात चोख चालते, पण जुलैत ती निरुपयोगी ठरते, कारण तेव्हा पाऊस सतत असतो आणि पत्रा थंड करून घाम आणण्याचे कामही तोच पाऊस करतो. पावसाचा जोर वाढला की घामही वाढतो, सर थांबली की तोही ओसरतो, आणि बघणाऱ्याची खात्री पटते की पाणी वरूनच येते आहे. ज्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, तिथे पावसाच्या वेळेवरून निदान करू नये. निदान थेंबांच्या मांडणीवरून करावे. गळतीचा थेंब एका जागी पडतो, त्याच्या वर ओघळ असतो, ओघळाला माती, शेवाळ किंवा गंज यांचा रंग असतो. घामाचे थेंब पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरलेले, स्वच्छ आणि एकसारखे असतात आणि ते चुलीच्या, न्हाणीच्या किंवा कपड्यांच्या दोरीच्या वर अधिक दाट असतात.

तरीही शंका राहिली तर मी एकच परीक्षा सुचवतो. संशयित जागा फडक्याने पुसून कोरडी करावी, वितभर रुंदीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा पत्र्याला अगदी चिकटून बसेल असा लावावा आणि चारी कडांना हवा जाणार नाही अशी चिकटपट्टी दाबावी. एका पावसाळी रात्रीनंतर तुकड्याच्या खोलीकडच्या अंगावर पाणी असेल तर तो घाम आहे. प्लॅस्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी साचले असेल तर पाणी वरून येते आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दोष आहेत, आणि जुन्या घरांत असे पुष्कळदा निघते.

झाडांच्या सावलीतल्या घरांसाठी आणखी एक खूण आहे. आमच्या पडवीचा अर्धा भाग फणसाखाली येतो. त्या डिसेंबरच्या पहाटे फणसाखालचा पत्रा जवळजवळ कोरडा होता आणि उघड्यावरचा चिंब होता, कारण फणसाच्या पानांनी पत्रा आणि आकाश यांच्यामध्ये आडोसा धरला होता. गळतीचा नकाशा याच्या उलटा निघतो: झाडाखाली पाचोळा साचतो, पन्हळ तुंबते, फांदी घासून कौल सरकते, आणि पाणी तिथेच शिरते. मात्र झाडाखालचा भाग ओला झाला की वाळायला दुपार उजाडते, म्हणून लाकूड तिथे आधी कुजते. यासाठी झाड तोडू नये. छपराला टेकणाऱ्या आणि वारा अडवणाऱ्या फांद्या मात्र दर वर्षी छाटाव्यात.

मागे उरलेल्या खुणाही बोलक्या असतात. गळतीमुळे एखादाच वासा एका जागी काळा पडून मऊ होतो, तर घामामुळे सगळ्या रिपांच्या, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांच्या, वरच्या कडा थोड्या-थोड्या भिजतात आणि त्यांवर बुरशीची पातळ साय धरते. लाकडातला ओलावा दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या वर राहिला की कुजणे सुरू होते. जस्ती पत्र्याच्या तळाला पांढऱ्या भुकटीसारखा गंज पसरलेला दिसला तर पाणी हवा न लागता बराच वेळ तिथे टिकून होते असे समजावे, आणि स्क्रूच्या भोकाभोवती तांबडा गंज दिसला तर भोकातून पाणी उतरते आहे. समुद्राची खारी हवा दोन्हींना घाई करते.

घामावरचा माझा पहिला उपाय म्हणजे वाट देणे. वळचणीला जाळी लावून हवा आत येऊ द्यावी, आढ्याला टोपीखाली फट ठेवून ती बाहेर जाऊ द्यावी आणि शेगडीवरची वाफ पंख्याने थेट भिंतीबाहेर काढावी. ती माळ्यावर सोडून देण्याची सवय फार वाईट आहे. आम्ही वळचणीतला फोम खरवडून काढला आणि आढ्याची टोपी दोन इंच उचलली, त्यानंतर पावसाळ्यातले थेंब थांबले. पहाटेचे दव पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिल्यावरच थांबले, कारण पत्र्याला थंड होण्यापासून हवा वाचवू शकत नाही. हा थर सलग हवा आणि त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद हवेत, नाहीतर वाफ त्याच्या मागे शिरून तिथे पाणी धरते.

काही गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. गळतीच्या भीतीने कौलांना वरून जलरोधक रंग देऊ नये, कारण कौलाने खालून शोषलेली ओल वर सुटायची वाट त्याने बंद होते. शेवाळ काढायला दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये, त्याने भाजलेला गुळगुळीत थर उडतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट चिकटते. कोरड्या दिवसांत काथ्याच्या ब्रशाने घासणे पुरते. ठिबकणाऱ्या पत्र्याखाली पीव्हीसीचे फॉल्स सीलिंग लावून दोष नजरेआड करणे तर मला सर्वांत अधिक खटकते, कारण आता वर हवा हलत नाही आणि रिपा कुजल्याचे कळते ते सीलिंगला पोट आल्यावरच.

माकडांच्या उपद्रवामुळे अनेकजण हल्ली कौलांखाली पत्रा घालतात. तो घालायचाच असेल तर आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकू नयेत, कारण कौलांमधून उतरलेले पाणी आणि पाचोळा प्रत्येक रिपेमागे अडून राहतो. आधी वाशांच्या दिशेने दोन इंची उभ्या पट्ट्या माराव्यात आणि त्यांवर रिपा घ्याव्यात, म्हणजे पाणी खाली वळचणीकडे आणि हवा वर आढ्याकडे मोकळी जाते. एवढ्या लाकडाचा खर्च वाचवायला सांगणाऱ्या सुताराचे ऐकू नये.

सच्छिद्र कौलातून झिरपणारी किंचित ओल, जिला काहीजण पाझर म्हणतात, ती थेंब होऊन पडत नसेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. एकाच छपरात गळती आणि घाम दोन्ही असतील तर गळतीचे काम मे महिन्यात उरकावे आणि कोरड्या दिवशी रबरी नळीने वळचणीपासून आढ्याकडे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर पाव तास थांबून, पाणी मारून ते तपासावे. घामाचे काम पुरे झाले की नाही हे मात्र डिसेंबरात, दव पडलेल्या पहाटे, बॅटरी घेऊन पत्र्याच्या पोटाकडे पाहिल्यावरच ठरवावे.