एमपी३

ध्वनिमुद्रण कमी जागेत साठविण्याची एक अंकीय पद्धत व त्या पद्धतीने तयार झालेली फाइल. मूळ नाव ‘एमपेग-१ ऑडिओ लेअर ३’. कानाला जे ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचे आणि उरलेले सांकेतिक रूपात मांडायचे, हे तिचे तत्त्व. सीडीवरील स्टीरिओ ध्वनीला सेकंदाला सु. १,४११ किलोबिट लागतात. एमपी३मध्ये तोच ध्वनी बहुधा १२८ ते ३२० किलोबिटांत बसवितात. १२८ किलोबिटांना ‘सीडीच्या तोडीचा आवाज’ म्हणण्याचा प्रघात होता. तो सैलच म्हणावा लागेल. टाळांचा किणकिणाट किंवा टाळ्यांचा कडकडाट असला की फरक सहज कळतो.

उगम : पद्धतीचा जनक कोण याविषयी एकवाक्यता नाही. जर्मनीतील एर्लांगन येथे डीटर झाइट्सर यांच्या मार्गदर्शनाखाली कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी केलेले संशोधन (प्रबंध १९८९) आणि तेथील फ्राउनहोफर संस्थेचे काम हा मुख्य प्रवाह मानतात. लोकप्रिय लेखनात तर ब्रांडेनबुर्ग यांनाच जनकत्व दिलेले असते. मात्र मोठ्या आवाजाखाली त्याच्या आसपासच्या कंप्रतेचा लहान आवाज झाकला जातो, या श्रवणधर्माचा उपयोग त्याआधीच सुचविला गेला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मानफ्रेट श्रोडर, कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल आणि जोसेफ हॉल यांचा या विषयावरील निबंध १९७९चा आहे. त्याचा रोख संगीतावर नसून बोलण्याच्या आवाजावर होता. त्याच प्रयोगशाळेत जेम्स जॉन्स्टन यांनी १९८०च्या दशकात संगीतासाठी स्वतंत्रपणे बरीच मिळतीजुळती पद्धत बसविली. पुढे ब्रांडेनबुर्ग काही काळ तेथेच काम करीत होते. एक जनक ठरविण्यापेक्षा दोन धारा एकत्र आल्या असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जन्मवर्षाचेही तसेच. चित्र व ध्वनी साठविण्याची मानके ठरविणारी एमपेग ही आंतरराष्ट्रीय समिती १९८८मध्ये स्थापन झाली. तिच्यापुढे आलेल्या प्रस्तावांपैकी ‘म्युझिकॅम’ सोपा व कमी गणिताचा होता, तर एर्लांगन व बेल यांचा सहभाग असलेला ‘ॲस्पेक’ कमी बिटांत सरस ठरत होता. तडजोड म्हणून एकाच मानकात तीन स्तर (लेअर) ठेवले गेले. व्हिडिओ सीडीतला आवाज दुसऱ्या स्तराचा. तिसरा स्तर म्हणजे एमपी३. मानकाचा मसुदा १९९२च्या सुमारास पक्का झाला व ते १९९३मध्ये प्रसिद्ध झाले. ‘डॉट एमपी३’ हे फाइलनावाचे शेपूट फ्राउनहोफरमध्ये १४ जुलै १९९५ रोजी ठरले. त्यापूर्वी ‘डॉट बिट’ वापरीत. नावापुरता जन्म १९९५चा, पद्धतीचा १९९२-९३चा असे धरण्यास हरकत नाही.

सुसंगती : मानकाने फाइलीतील बिटांची मांडणी आणि ती वाचण्याची रीत, म्हणजे डिकोडर, तेवढा काटेकोर बांधला, फाइल तयार करणारा एन्कोडर कसा असावा हे मोकळे सोडले. एमपी३च्या दीर्घायुष्याचे खरे कारण हेच असावे. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘लेम’ या एन्कोडरने एन्कोडिंग पुष्कळ सुधारले, तरी त्याच्या फायली जुन्या प्लेअरवरही वाजल्या. ‘एमपीमॅन’ व ३२ मेगाबाइटचा ‘रिओ पीएमपी३००’ या खिशातल्या प्लेअरांपासून (दोन्ही १९९८) २००१च्या आयपॉडपर्यंत आणि पुढे मोटारीतील यूएसबीपर्यंत ही एकच फाइल सगळीकडे चालली. एएसी (१९९७) ही नंतरची ध्वनिपद्धत तांत्रिकदृष्ट्या सरस. ॲपलने २००३मध्ये आपल्या इंटरनेटवरील दुकानात त्याच पद्धतीची गाणी विकली, पण नक्कल रोखणारे सांकेतिक कुलूप लावून. ते कुलूप २००९मध्ये पूर्ण निघाले. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएमए या पद्धतीची गत अधिक मजेशीर : ‘प्लेज फॉर शुअर’ (नक्की वाजेल) या योजनेची खात्री देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच ‘झून’ या प्लेअरवर (२००६) त्या योजनेतील कुलूपबंद गाणी वाजत नव्हती. व्हॉर्बिस व फ्लॅक या ध्वनिपद्धती मुक्त असूनही स्वस्त प्लेअरमध्ये क्वचितच असत. एमपी३चा परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी बंद झाला.

मानकाने जे बांधले नाही, तेथे मात्र यंत्रागणिक घोळ आहे. एमपी३ फाइल ‘चौकटी’ नावाच्या तुकड्यांची बनते, एक चौकट ध्वनीच्या १,१५२ नमुन्यांची (मोजमापांची) असते आणि शेवटची चौकट शांततेने भरून काढावी लागते. आरंभीही थोडी शांतता शिरते. ती किती, हे नोंदविण्याची सोय मानकात नाही. लेमने ती नोंद फाइलीच्या आरंभीच्या आपल्या शीर्षात घातली, पण प्लेअरने वाचली तर उपयोग. ख्यालाच्या मुद्रणात विलंबित व द्रुत अशा दोन फायली केल्या, तर जोडावर ठेका अडखळतो तो यामुळे.

गाण्याचे नाव, गायक वगैरे माहितीलाही मानकात जागा नव्हती. एरिक केम्प यांनी १९९६मध्ये फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची पट्टी जोडली; ती ‘आयडी३’. शीर्षकाला ३० बाइट. सर्व लिप्यांसाठी असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या सांकेतिक रूपात देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात व काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ एवढा एक शब्द लिहिला की ३० बाइट संपले. संगीतप्रकारांच्या मूळ ८० नावांच्या यादीत हिंदुस्थानी संगीत नाही. १९९८नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीत लांबीची अडचण गेली व युनिकोड आले, तरी यूटीएफ-८ची मुभा २.४ या उपआवृत्तीत (२०००) मिळाली. अनेक यंत्रे २.३वरच थांबली. यूटीएफ-८ला रोमन समजून वाचणारा प्लेअर प्रत्येक वर्णाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यापुढे दोन भलतीच चिन्हे दाखवितो. ज्याच्याकडे देवनागरी टंकच (फाँट) नाही तो चौकोन दाखवितो. टंक आहे पण जुळणी नाही अशा यंत्रात ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात.

महाराष्ट्रात ही पद्धत घरोघरी पोचली ती दीडएकशे गाण्यांच्या ‘एमपी३ सीडी’मुळे व नंतर मोबाइलच्या दुकानात ‘कार्ड भरून’ घेण्यामुळे. तेथे फायलींची नावे बहुधा रोमन लिपीतच असत आणि क्रमासाठी नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालीत. अनेक साधे प्लेअर तेही पाहात नाहीत. ज्या क्रमाने फायली कार्डावर उतरल्या, त्याच क्रमाने वाजवितात.