झाकण घट्ट, म्हणून गार मोठी

२४ जुलै २०२३ ला इटलीच्या ईशान्य भागात, आत्सानो देचिमो या गावी १९ सेंटिमीटर व्यासाची गार पडली. फुटपट्टी घेऊन १९ सेंटिमीटर मोजून पाहा, चांगलं खरबुजाएवढं माप भरतं. युरोपातला हा विक्रम. त्याआधीचा विक्रम १६ सेंटिमीटरचा होता, तोही आल्प्सच्या पायथ्याच्या याच मैदानातला आणि जेमतेम पाच दिवसांपूर्वीचा.

"इतकं उकडतंय म्हटल्यावर कोसळणारच," असं आपण सहज म्हणतो. पण त्याच दिवशी इटलीच्याच दक्षिणेकडच्या सिसिली बेटावर पारा ४५ अंशांच्या वर होता आणि तिथे गारा नव्हे, वणवे पेटले होते. नुसत्या उष्णतेनं वादळ होत नाही. मला तर उलटंच सांगायचंय: वादळाला दिवसभर अडवून धरणारी गोष्टच त्याला राक्षसी बनवते.

हवामानाचा फुगा सोडला की तो वर जाता जाता तापमान कळवत राहतो. उंचीबरोबर तापमान उतरत जातं. पण अशा दिवशी दीड-दोन किलोमीटरवर आलेखाची रेषा अचानक उजवीकडे नाक काढते. म्हणजे तिथे खालच्यापेक्षा उबदार, कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. हेच झाकण.

जमिनीलगतची तापलेली हवा वर निघते आणि प्रसरण पावत किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी थंड होते. झाकणापाशी पोचेपर्यंत ती आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड, म्हणून जड झालेली असते. मग काय, परत खाली. झाकण नसतं तर दुपारपासून छोटे ढग उठले असते, चार सरी पडल्या असत्या आणि बाष्प हप्त्याहप्त्यानं खर्च झालं असतं. झाकण असलं की इटलीच्या पूर्वेच्या एड्रियाटिक समुद्रावरून आणि ओलिताच्या शेतांतून आलेलं सगळं बाष्प खालीच साठत राहतं. आपल्याला जाणवतो तो घुसमटवणारा उकाडा म्हणजे हीच शिल्लक.

मग झाकण फुटतं कुठे? बहुतेकदा डोंगरावर. दीड हजार मीटर उंचीचा उतार उन्हानं तापला की त्याला चिकटलेली हवा मैदानावरच्या तेवढ्याच उंचीवरच्या हवेपेक्षा गरम होते आणि उतारावरून वर सरकू लागते. दोन्ही बाजूंनी चढलेली हवा डोंगरमाथ्यावर एकमेकींना भिडते. तिला जायला एकच दिशा उरते, वर. एवढा रेटा झाकणातून पार व्हायला पुरतो.

पुढचं थोडं किचकट आहे. पार झालेल्या हवेतलं बाष्प द्रवू लागतं. एक किलो बाष्प द्रवताना सुमारे २५ लाख जूल उष्णता सुटते. तेवढ्यात सहा लिटर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत येईल. या उष्णतेमुळे चढणारी हवा आता किलोमीटरमागे पाच-सहा अंशच थंड होते. भोवतालची कोरडी हवा मात्र सात-आठ अंशांनी थंड होत असते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चढणारी हवा आणखी दोनेक अंशांनी सरस ठरते आणि तिचा वेग वाढत जातो. दहा सेंटिमीटरची गार ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं पडते. तिला तोलून धरायला खालून तेवढाच झोत लागतो, आणि तिथे शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब तिच्यावर आदळून गोठत राहतात. वरच्या वाऱ्यांनी ढगाला पीळ बसला की झोत तासन् तास टिकतो. त्याचं गणित वेगळंच आहे.

अशा ढगापुढे माणसानं काय काय केलं! आल्प्समध्ये वादळ हटवायला चर्चच्या घंटा वाजवत. वाजवणारेच विजेनं दगावत. १८९६ मध्ये अल्बर्ट स्टिगर या द्राक्षबागायतदारानं ढगांवर तोफा डागायची टूम काढली. ती इतकी पसरली की परिषदा भरल्या. सरकारी चाचण्यांत तोफा नापास झाल्या, तरी अशी यंत्रं आजही विकली जातात. दिवसभर साठलेल्या त्या उष्णतेपुढे तोफेचा बार म्हणजे फुंकर.

हवामानतज्ज्ञांची झोप उडवणारा प्रश्न वेगळा आहे. झाकण एक-दोन अंशांनी जास्त उबदार निघालं तर सगळी तयारी असूनही ते फुटत नाही. संध्याकाळपर्यंत आकाश निळंच राहतं, लोक अंदाजाला हसतात आणि तेच बाष्प दुसऱ्या दिवशीसाठी मैदानावर तसंच पडून राहतं.