फिलेमोनाच्या घरातला भाऊ

बायबलच्या नव्या करारातले, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम २५ वचनांचे आहे. पौल तेव्हा कैदेत होता. फिलेमोन बऱ्यापैकी सुस्थितीतला असावा, कारण ख्रिस्ती मंडळी त्याच्याच घरी जमत असे. त्याचा गुलाम अनेसिम पौलापाशी येऊन पोहोचला होता. परंपरा सांगते की तो पळून आला होता. अनेसिम म्हणजे ग्रीकमध्ये ‘उपयोगी’. माणसाचे नावच त्याच्या उपयोगावरून! पौलाने त्याला परत पाठवले आणि सोबत लिहून दिले: याला आता गुलाम म्हणून नव्हे, त्याहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घरात घे. याच्याकडून काही येणे असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन.

‘त्याला मुक्त कर’ एवढे मात्र पत्रात कुठेच स्पष्ट म्हटलेले नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक, दोघेही हेच पत्र पुढे करत होते.

मराठी वाचकाची इथे आणखी एक अडचण होते. आपल्या बायबलमध्ये ‘दास’ हा शब्द येतो आणि आपल्या कानांना तो भक्तीचा वाटतो. रामदास, तुळशीदास आठवतात. मूळ ग्रीक शब्दाचा व्यवहारातला अर्थ मात्र विकत घेता येणारा, फटके मारता येणारा माणूस असाच होता.

बंधुत्व नुसते बोलण्यापुरते नव्हते, हेही खरे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रोमन अधिकारी प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची चौकशी करताना दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. त्या मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या, असे त्यानेच सम्राट ट्रेजनला कळवले. २०३ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये खानदानी घरातली पर्पेतुआ आणि गुलाम फेलिसिती ख्रिस्ती असल्यामुळे एकाच आखाड्यात मारल्या गेल्या.

पण मालकीला हात लागला नाही. अंत्युखियाचा बिशप इग्नाती तर बजावतो की मंडळीच्या पैशातून सुटका व्हावी अशी हाव गुलामांनी धरू नये. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये चर्चमध्ये केलेल्या मुक्ततेला कायद्याची मान्यता दिली खरी. पण चौथ्याच शतकात गंग्रा (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या धर्मसभेने, भक्तीच्या नावाखाली गुलामाला मालकाची चाकरी सोडायला शिकवणाऱ्याला शापित ठरवले. भाऊ म्हणा, जेवायला सोबत बसवा, पण पळायला शिकवू नका!

मालकीच्या मुळालाच हात घातला तो कप्पदुकियातल्या (हाही आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) निस्साच्या बिशप ग्रेगरीने, ३८० च्या सुमारास. ‘मी दासदासी विकत घेतल्या’ हे बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातले वाक्य प्रवचनाला घेऊन त्याने थेट विचारले: किती पैसे मोजलेस? देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत कुठल्या तराजूत केलीस? खरेदीखताच्या एका चिटोऱ्याने तू स्वतःला माणसाचा धनी समजू लागलास काय? प्राचीन काळातल्या साहित्यात गुलामगिरीवर इतका थेट हल्ला मला दुसरीकडे आढळलेला नाही.

चर्चने त्याचे ऐकले नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर गुलामाच्या गळ्यात घालायचे एक धातूचे कडे सापडले आहे. त्यावर क्रूस कोरलेला आहे आणि लॅटिनमध्ये लिहिले आहे: मी आर्चडीकन (चर्चमधला वरिष्ठ अधिकारी) फेलिक्सचा गुलाम, मला धरा, पळू देऊ नका.