डिस्क लॉक आहे, मग किल्लीला वेगळं कुलूप कशाला?

अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणारं विंडोजचं बिटलॉकर किंवा मॅकचं फाइलव्हॉल्ट चालू असलं की ‘आपल्या चॅट सुरक्षित’ असं अनेकजण धरून चालतात. पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी, मॅकच्या कीचेनसारखी ऑपरेटिंग सिस्टिमची तिजोरी त्यांना मग त्याच कामाची दुसरी सोय वाटते. पण दोन्हींचे चोर वेगळे.

डिस्क एन्क्रिप्शन चालतं ते बंद लॅपटॉप पळवणाऱ्याविरुद्ध. तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला फाइली साध्या दिसतात, व्हायरसलाही.

सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपच्या संगणकावरच्या आवृत्तीचं, सिग्नल डेस्कटॉपचंच बघा. मेसेजचा डेटाबेस एसक्यूएल-सायफर या साधनाने एन्क्रिप्ट केलेला, पण 2024 पर्यंत त्याची किल्ली त्याच फोल्डरमधल्या कॉन्फिग डॉट जेसन फाइलमध्ये! नोटपॅडमध्ये उघडली की 64 हेक्स अक्षरं (0 ते 9 आणि a ते f) समोर यायची. 2018 मध्ये यावर बोट ठेवलं गेलं, तेव्हा सिग्नलकडून उत्तर आलं की साठवलेल्या डेटाला संरक्षण देण्याचा आमचा दावाच नाही, त्यासाठी डिस्क एन्क्रिप्शन वापरा. माझ्या मते हे उत्तर अर्धंच होतं. लॉगिननंतर फोल्डर उचलून नेणाऱ्या मालवेअरला ते लागूच पडत नाही. 2024 मध्ये अखेर सिग्नल डेस्कटॉपमध्ये सेफस्टोरेज आलं, म्हणजे हे अ‍ॅप ज्यावर बांधलंय त्या इलेक्ट्रॉनची किल्ली सिस्टिमच्या तिजोरीच्या मदतीने जपण्याची सोय. आता फाइलमधली किल्ली स्वतःच एन्क्रिप्टेड असते आणि ती उलगडायला सिस्टिमची तिजोरी लागते.

तिजोरी किती भक्कम, हे मात्र सिस्टिमवर ठरतं. मॅकवर दुसऱ्या अ‍ॅपने किल्ली मागितली तर कीचेन आधी तुमची परवानगी मागते. विंडोजवर डीपीएपीआय ही तिथली तिजोरीची सोय किल्ली तुमच्या लॉगिनशी बांधते: नुसतं फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन उपयोग नाही, पण तुमच्याच खात्यात चालणारा प्रोग्राम ती सोडवून घेऊ शकतो. लिनक्सवर तिजोरी म्हणून केवॉलेट किंवा ग्नोमची कीरिंग हवी. दोन्ही नसतील तर इलेक्ट्रॉन प्रोग्राममध्येच लिहिलेल्या ठरावीक पासवर्डवर भागवू शकतं. त्याला एन्क्रिप्शन म्हणणं हे औदार्यच.

उलट, लॅपटॉप हरवला आणि डिस्क एन्क्रिप्ट नसेल, तर तिजोरीची ताकद लॉगिन पासवर्डइतकीच. म्हणून मी आधी डिस्क लॉक करायला सांगेन.

अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवलेला मालवेअर दोन्हींना जुमानत नाही. चालू अ‍ॅपच्या मेमरीतून तो किल्ली वाचू शकतो. तसा संशय आला तर फोनवरच्या सिग्नलमध्ये लिंक केलेल्या उपकरणांच्या यादीतून तो संगणक आधी काढून टाका. उतरवलेले जुने मेसेज त्याने परत येत नाहीत, पण नवे तिथे जायचे थांबतात.