इंजिन झाकायचं की दाखवायचं? स्पोर्ट्स कारमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

2023 साली आलेल्या लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोच्या पाठीवर नजर टाकली तर साडेसहा लिटरचं व्ही12, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या बारा सिलिंडरचं, इंजिन थेट आभाळाखाली बसलेलं दिसतं. वर ना काच, ना झाकण. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, पावसाचं काय? पावसाने काही बिघडत नाही, कारण आजच्या इंजिनाच्या वायरिंगचे जोड आणि सेन्सर पाणी झेलायच्या तयारीनेच बनवलेले असतात. खरा वाद वेगळाच आहे. एका गटाचं म्हणणं, एवढे पैसे मोजले ते ज्याच्यासाठी, तेच झाकून का ठेवायचं? दुसरा गट म्हणतो, इंजिनाचं काम गाडी पळवणं, शोकेसमध्ये बसणं नव्हे.

या वादाचा माग काढत गेलं की एक गंमत लक्षात येते. बहुतेक वेळा इंजिन आधी उघडं पडलं ते उष्णतेपायी किंवा जागेच्या अडचणीपायी. मिरवण्याची हौस मागाहून आली. आणि ती आल्यावर लोकांना दिसू लागलं ते इंजिन कमी, इंजिनावर चढवलेला साज जास्त.

1891 च्या सुमारास फ्रान्सच्या पानार ए लव्हासॉरने इंजिन पुढे आणि चाकांना ताकद मागे ही मांडणी रूढ केली, तेव्हापासून इंजिनावर बॉनेट आलं. बॉनेट उचलून आतलं दाखवणं हा मालकाच्या अभिमानाचा भाग झाला. एतोर बुगाटी हे चांगलंच ओळखून होता. 1924 च्या टाइप 35 चं आठ सिलिंडरचं इंजिन पाहिलं तर चौकोनी, सपाट बाजूंचा एक सलग ठोकळा दिसतो. पृष्ठभाग हाताने घासून सजवलेला, नळ्या आणि तारा शक्य तितक्या नजरेआड. दिसायला देखणं, हात घालायला मात्र महाकठीण: सिलिंडरचा ब्लॉक आणि हेड एकसंध, त्यामुळे व्हॉल्व्हचं साधं काम निघालं तरी निम्मं इंजिन खोलायची वेळ. देखणेपणाची किंमत मेकॅनिकने मोजायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

त्याच काळात इंजिनाचे अवयव बॉनेटच्या बाहेर डोकावू लागले. मर्सिडीजच्या एसएसकेमध्ये बॉनेटच्या बाजूतून जाडजूड एक्झॉस्ट पाइप बाहेर येतात. बेंटलीच्या सुपरचार्जरवाल्या साडेचार लिटर गाडीत तो सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, रेडिएटरच्याही पुढे, पुढच्या दोन चाकांच्या मधोमध लटकतो, कारण तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरून फिरवायचा होता. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलीला सुपरचार्जिंग मुळीच मान्य नव्हतं, पण आज त्याच्या नावाची हीच गाडी लोकांना आधी आठवते, आणि ती त्या लटकणाऱ्या लोखंडी गोळ्यामुळे. अमेरिकेत ड्यूसेनबर्गच्या सुपरचार्ज्ड एसजे मॉडेलला बाजूने चकचकीत पाइप होते. ते इतके आवडले की सुपरचार्जर नसलेल्या मॉडेल जे च्या गिऱ्हाइकांनीही नुसते पाइप बसवून घेतले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात ते हेच.

हॉट रॉडचं, म्हणजे जुन्या गाड्यांत फेरफार करून त्या वेगवान करण्याचं, प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे वाद असा कधी नव्हताच. 1932 मध्ये फोर्डने स्वस्तातलं व्ही8 इंजिन बाजारात आणलं, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी वजन कमी करायला जुन्या फोर्डची बॉनेटं काढून फेकली. हवा लागली, इंजिन थंड राहिलं, वर क्रोमचा मुलामा चढला. पुढे कंपन्यांनीच ती नक्कल केली. 1969 च्या मस्टँग मॅक 1 मध्ये हवा ओढणारं तोंड थेट इंजिनावर बसवून बॉनेटच्या भोकातून वर काढलं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते इंजिनाबरोबर थरथरायचं, म्हणून नाव पडलं शेकर.

खरं वळण आलं ते इंजिन चालकाच्या पाठीमागे गेल्यावर. नोव्हेंबर 1965, ट्युरिनचं मोटार प्रदर्शन. लॅम्बोर्गिनी ही तेव्हा अवघ्या दोन वर्षांची कंपनी. जान पाओलो दल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि बॉब वॉलेस या तरुण मंडळींनी तयार केलेली एक गाडी तिने तिथे मांडली, पण बॉडीशिवाय. भोकं पाडून हलकी केलेली पोलादी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तिच्यात आडवं बसवलेलं चार लिटरचं व्ही12, वर हवेत पेट्रोल मिसळणारे चार वेबर कार्ब्युरेटर. एकेका कार्ब्युरेटरला तीन तोंडं, म्हणजे हवा पिणारी एकूण बारा तोंडं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात, कारण आडवं व्ही12 आणि त्याच्या मागे स्वतंत्र गिअरबॉक्स एवढी जागाच नव्हती. गाडीचा आकार कोणी पाहिलेला नव्हता, बॉडी कोण बनवणार हेही ठरलेलं नव्हतं. तरी लोक स्टँडभोवती गर्दी करत होते. माझ्या मते इंजिन हीच गाडीची जाहिरात होऊ शकते, हे तिथे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

बॉडीचं काम बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीला मिळालं आणि मार्च 1966 मध्ये जिनिव्हात मिउरा अवतरली. तिथल्या मार्चेल्लो गांदिनी या डिझायनरने इंजिनावर काच न लावता काळ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. या पट्ट्या दोन कामं करतात. खालची तापलेली हवा त्यांच्या फटींतून वर निघून जाते, आणि चालकाला आरशातून मागचं थोडंफार दिसतं. इंजिन दिसतं, पण फटींतून, अर्धवट. चालकाच्या डोक्यामागे मात्र सरळ उभी काच होती आणि काचेपलीकडे ते व्ही12. आवाज किती येत असेल, याची कल्पना करावी. त्या बारा तोंडांचा एक धोकाही होता: शर्यतीसाठी घडवलेले वेबर कार्ब्युरेटर गाडी जागेवर उभी असताना पेट्रोल सांडू शकत, आणि खाली सगळं तापलेलं. मिउरा पेटल्याच्या कहाण्या या गाडीच्या इतिहासात आहेतच.

काचेचा मान द्यायचाच तर तो 1967 च्या दे तोमासो मांगुस्ताला द्यावा लागेल. जॉर्जेतो जुजारो या डिझायनरने तिच्या पाठीवर मधल्या कण्याला बिजागरी लावून दोन पाकळ्या बसवल्या, दोन्हींत काच. दोन्ही उघडल्या की फुलपाखराने पंख उभारल्यासारखं दिसतं. पण काचेखाली काय, तर फोर्डचं हजारोंच्या संख्येने निघणारं साधं व्ही8. त्या इंजिनात कमी काहीच नव्हतं, पण मखर सोन्याचं आणि देव रोजच्या ओळखीचा, अशी ती गत होती. सामान्य इंजिन काचेखाली ठेवलं की काच उलटी अंगाशी येऊ शकते, हे जग्वारलाही पुढे अनुभवाने कळलं. 1988 मध्ये बर्मिंगहॅमला एक्सजे220 ची संकल्पना मांडली तेव्हा पारदर्शक झाकणाखाली व्ही12 होतं. 1992 मध्ये गाडी प्रत्यक्ष आली तेव्हा त्याच जागी साडेतीन लिटरचं टर्बो व्ही6; टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंप. ताकद भरपूर, वेग भरपूर, पण आगाऊ पैसे भरलेल्यांपैकी अनेकांचा विरस झाला आणि काही प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. काच नसती तर एवढा बोभाटा झाला नसता असं मी म्हणणार नाही, पण काचेने भर नक्की घातली.

फेरारी या बाबतीत बराच काळ मागे होती. 1984 च्या टेस्टारोसाचं बारा सिलिंडरचं इंजिन काळ्या पट्ट्यांखाली जवळजवळ अदृश्य असायचं. मग 1987 मध्ये कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून एफ40 आली. आत गालिचा नाही, दार उघडायला हँडलऐवजी ओढायची दोरी, रंगाचा थर इतका पातळ की खालच्या कार्बन फायबरचं विणकाम दिसावं. तीच काटकसर पाठीवरही: मागची खिडकी काचेऐवजी हलक्या पारदर्शक प्लास्टिकची, तिच्यात कापलेल्या फटी, आणि खाली दोन टर्बोंचं 2936 सीसीचं व्ही8. फटी तिथे आहेत त्या टर्बोच्या उष्णतेपायी. इंजिन दिसतं हा जोडलाभ. मला या सगळ्या वंशावळीत एफ40 सर्वांत पटते, कारण तिथे दाखवण्यासाठी काहीही वेगळं केलेलं नाही.

1999 च्या 360 मोडेनापासून हेतूच बदलला. तिच्या पाठीवरची काच इंजिन दिसावं यासाठीच घडवलेली होती. गाडी उभी असतानाही लोकांनी थांबून वाकून बघावं, ही अपेक्षा धरून इंजिनाची खोली सजवली जाऊ लागली. एफ430 आणि 458 इटालियामध्ये तर हवा साठवणाऱ्या लाल खरखरीत पेट्या, त्यांच्यावर फेरारीची अक्षरं, असा सगळा थाट. 2006 मध्ये आउडीने आर8 आणली, तिच्या इंजिनाच्या खोलीत एलईडी दिवेही घेता येत होते. रात्री गाडी उघडली की इंजिन उजळायचं. इथे मात्र माझी तक्रार सुरू होते. याच काळात साध्या गाड्यांच्या बॉनेटखालीही काळी प्लास्टिकची झाकणं आली होती. त्यांना कारणं होती: थेट इंधन फवारणारे इंजेक्टर टकटक आवाज करतात, तो दाबायचा, आणि वायरींचं जंजाळ लपवायचं. काचेखालच्या इंजिनालाही तोच अंगरखा चढला, फक्त प्लास्टिकऐवजी कार्बन फायबरचा. म्हणजे काच उघडं दाखवायला आणि काचेखाली पुन्हा पडदा.

ज्यांनी दाखवायचं नाकारलं, त्यांचाही विचार करायला हवा. पोर्शची बॉक्स्टर 1996 मध्ये आली. इंजिन मधोमध, पण वरून ते कुठूनच दिसत नाही. मालकाच्या वाट्याला डिकीत तेल आणि कूलंट भरायची दोन तोंडं, बाकी सगळं मेकॅनिकसाठी, तेही खालून किंवा सीटमागचा भाग काढून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्याच गाडीने पोर्शला अडचणीच्या दिवसांतून बाहेर काढायला मोठा हातभार लावला. इंजिन दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं नाही.

गॉर्डन मरे या डिझायनरची 1992 ची मॅकलारेन एफ1 या दोन्ही टोकांपासून दूर उभी आहे. तिच्या इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा पत्रा आहे. ऐकणाऱ्याला हा श्रीमंतीचा माज वाटतो, पण सोनं उष्णतेचे किरण परतवण्यात फार चांगलं, आणि इंजिनाभोवतीची चौकट कार्बन फायबरची, तिला बीएमडब्ल्यूच्या 6.1 लिटर व्ही12 च्या धगीपासून वाचवायचं होतं. तिथलं सगळ्यात दिखाऊ वाटणारं साहित्य सगळ्यात गरजेचं निघालं.

2005 च्या बुगाटी वेरॉनमध्ये तर दुसरा इलाजच नव्हता. आठ लिटर, सोळा सिलिंडर, चार टर्बो, 1001 अश्वशक्ती. बहुतेक पेट्रोल इंजिनांत चाकांपर्यंत पोचते त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. एवढ्या इंजिनाची धग काढायला दहा रेडिएटर लागले, आणि तरीही इंजिनावर झाकण घालणं परवडलं नाही. ते उघडंच राहिलं.

याउलट शेव्हरोलेने कॉर्व्हेटच्या बाबतीत सगळं ठरवून केलं. इंजिन मधे असलेली कॉर्व्हेट हवी म्हणून झोरा आर्कस-डुंटोव्ह या तिथल्या इंजिनिअरने 1960 च्या सर्व्ह 1 पासून अनेक प्रायोगिक गाड्या केल्या, पण विक्रीला येणारी गाडी निघायला 2019 उजाडलं. आठव्या पिढीच्या या कूपेच्या मागच्या झाकणात 3.2 मिलिमीटर जाडीची काच आहे आणि काचेच्या मागच्या कडेला गरम हवा जायला फट. खाली 6.2 लिटरचं व्ही8. तारा, नळ्या, बोल्ट कसे दिसतील याचाही विचार झाला. छप्पर उघडणारी आवृत्ती घेतली तर मात्र तिथे छपराची घडी बसते आणि इंजिन नजरेआड होतं. वारा हवा की इंजिन, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं.

काचेविरुद्धचे व्यवहारी आक्षेप मला मोडीत काढावेसे वाटत नाहीत. काच प्लास्टिकच्या पत्र्यापेक्षा जड, तीही गाडीच्या वरच्या भागात, जिथे वजन नकोच असतं. ती आतून तापते, बाहेरून धुळीने माखते. आणि त्या काचेतून आरशात मागचं दिसतं ते बेताचंच.

मरेनेच 2020 मध्ये टी.50 दाखवून या वादावर एक तोडगा काढला. कॉसवर्थने बनवलेलं चार लिटरचं व्ही12, वजन 178 किलो, मिनिटाला 12,100 फेऱ्यांपर्यंत जाणारं. त्याची जोडयंत्रं पट्ट्यांऐवजी गिअरवर फिरतात, त्यामुळे पुढे रबरी पट्ट्यांचा गुंता नाही. पाठीवरची दोन झाकणं मधल्या कण्यावर पंखांसारखी उघडतात, मांगुस्तासारखीच. चालताना बंद, उभी असताना हवी तर उघडी. उघडली की खाली मुलामा नसलेला खरा धातू.

आता इंजिनाला विजेच्या मोटरची जोड देणाऱ्या हायब्रिड गाड्या आल्यावर हिशेब पुन्हा बदलतो आहे. फेरारीच्या 296 जीटीबीमध्ये एकूण 830 अश्वशक्ती. त्यातल्या 663 काचेखाली दिसणाऱ्या व्ही6 च्या. उरलेल्या 167 देणारी मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दडलेली, ती कोणाला दिसत नाही आणि कोणी ती दाखवायला मागतही नाही. लोटसच्या पूर्ण विजेवरच्या एव्हियाच्या मागे हवा जाण्यासाठी दोन मोठे बोगदे आहेत, आणि त्यांतून पाहिलं तर गाडीच्या आरपार पलीकडचं दिसतं.