पिनबॉल नावाचं विमान: बॉम्बरचे गनर गेमिंग कंपन्यांत पोहोचले त्यामागची गोष्ट

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत गेल्या काही दशकांत छापून आलेले मृत्युलेख वाचत गेलं की एक आयुष्यपट अधूनमधून समोर येतो. जन्म 1920 च्या आसपास. विशीत बॉम्बर विमानाच्या शेपटीत किंवा पोटात मशीनगनमागे बसलेला गनर. युद्ध संपल्यावर घरी परत, विक्रीची नाहीतर हिशेबाची नोकरी. आणि चाळिशी उलटल्यावर स्लॉट मशीन (नाणं टाकून खेळायची जुगाराची यंत्रं) बनवणाऱ्या किंवा कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीत वरच्या खुर्चीवर. वाचणारा म्हणतो, काय एकेकाचं नशीब! पण नेव्हाडा राज्याचा, अमेरिकी वायुदलाचा आणि नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्याचा त्या वर्षांतला इतिहास शेजारीशेजारी मांडला तर माझ्या मते यात नशिबाचा वाटा थोडाच उरतो. या माणसांसमोर रस्ता बराचसा तयार होता, आणि तो युद्धानेच तयार केला होता.

1940 च्या जनगणनेत लास वेगसची वस्ती होती 8,422. रेल्वेमुळे वसलेलं वाळवंटी गाव. जुगार तिथे 19 मार्च 1931 पासून कायदेशीर होता, जवळच हूवर धरणाचं काम चाललं तेव्हा मजुरांच्या पगारावर गावाचं बरं चाललं. धरण झालं, मजूर पांगले. त्यानंतर तिथे आलं सैन्य. मेजर डेव्हिड श्लॅटर या अधिकाऱ्याने 1940 मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेत जागा पाहत फिरताना लास वेगसजवळची धावपट्टी निवडली. कारणं सरळ होती. आजूबाजूची बहुतेक जमीन आधीच सरकारची, वर्षभर उडता येईल असं कोरडं हवामान, समुद्रकिनाऱ्यापासून लांब, आणि हजारो गोळ्या झाडल्या तरी कुणाला लागणार नाहीत असा उजाड मुलूख. 1941 मध्ये तिथे गनरी स्कूल सुरू झालं. ऐन भरात असताना दर पाच आठवड्यांना 600 गनर आणि बी-17 या बॉम्बर विमानांचे 215 सहवैमानिक तिथून बाहेर पडत. फ्लोरिडातलं टिंडल आणि टेक्सासमधलं हार्लिंजन या त्याच वेळच्या दोन शाळा, पुढे आणखी निघाल्या. युद्ध संपेपर्यंत या सगळ्यांनी मिळून तीन लाखांच्या आसपास गनर तयार केले.

या पोरांना शिकवायचं काय, हा मोठाच पेच होता. बंदूक चालवणं खेड्यातल्या बऱ्याच जणांना यायचं. पळत्या सशाच्या थोडं पुढे नेम धरायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. बॉम्बरवर मात्र हाच अनुभव घात करायचा. बॉम्बर स्वतः ताशी दोनअडीचशे मैलांनी पुढे जात असतो, त्यामुळे बाजूला झाडलेली गोळी विमानाचा तो वेग अंगात घेऊनच निघते आणि पुढच्या दिशेला सरकत जाते. शत्रूचं फायटर बाजूने वळण घेत अंगावर येत असेल तर नेम त्याच्या नाकाच्या पुढे धरून उपयोग नाही. तो धरायचा फायटर आणि आपल्या विमानाची शेपूट यांच्या मध्ये, म्हणजे डोळ्यांना चक्क मागे वाटेल अशा जागी. किती मागे, ते फायटर कुठल्या कोनातून येतंय त्यावर ठरणार. हे गणित डोक्यात नाही, हातात बसवायचं होतं, तेही पाच-सहा आठवड्यांत.

सुरुवात व्हायची साध्या शॉटगनने मातीच्या उडत्या तबकड्या फोडण्यापासून. मग तीच शॉटगन धावत्या ट्रकवर बसवायची आणि वाटेत दोन्ही बाजूंनी सुटणाऱ्या तबकड्यांवर नेम धरायचा. पुढे खऱ्या विमानातून, दुसऱ्या विमानाने ओढत नेलेल्या कापडी निशाणावर गोळीबार. प्रत्येकाच्या गोळ्यांची टोकं वेगळ्या रंगात बुडवलेली असत. निशाण खाली आलं की भोकाच्या कडेचा रंग पाहून कुणाचे किती लागले ते मोजायचं.

याच्या जोडीला एक यंत्र आलं, ते आजच्या व्हिडिओ गेमवाल्याने पाहिलं तर लगेच ओळखेल. फ्रेड वॉलर नावाच्या कल्पक माणसाने पाच प्रोजेक्टर वापरून आतून गोलाकार असलेल्या मोठ्या पडद्यावर हल्ला करणाऱ्या विमानांचा सिनेमा दाखवायची सोय केली. समोर एकाच वेळी चार गनर नकली बंदुका घेऊन बसत. नेम बरोबर लागला की कानातल्या हेडफोनमध्ये आवाज वाजे आणि गुण नोंदले जात. गोळी एकही खर्च होत नसे. याच तंत्रातून वॉलरने पुढे 1952 मध्ये सिनेरामा हा रुंद पडद्याचा सिनेमा आणला.

वैमानिकांच्या बाबतीत तर करमणुकीचा धंदा आधी आणि सैन्य नंतर, असाच क्रम दिसतो. एडविन लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला वाद्यांचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून लिंकने 1929 मध्ये जमिनीवरच हलणारं, झुकणारं शिकाऊ विमान बनवलं. सैन्याने सुरुवातीला त्याकडे पाहिलंही नाही. लिंकने ती यंत्रं करमणूक बागांना विकली, लोक नाणी टाकून त्यात बसत. 1934 मध्ये टपाल वाहून नेताना वायुदलाचे वैमानिक धुक्यात आणि अंधारात एकामागून एक मरायला लागले, तेव्हा कुठे सैन्याने सहा यंत्रं विकत घेतली.

पण सगळ्यात विलक्षण प्रकार म्हणजे आरपी-63. बेल कंपनीच्या किंगकोब्रा फायटरला अंगभर जाड चिलखत चढवलं, आतली शस्त्रं काढली आणि पत्र्याखाली धक्का टिपणारी उपकरणं बसवली. त्याच्यावर झाडायला शिशाची पूड आणि बेकलाइट (एक प्रकारचं कडक प्लास्टिक) यांची खास गोळी तयार केली, आदळताक्षणी तिचा भुगा व्हायचा. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा त्या कामात हात होता. मग एक वैमानिक हे विमान घेऊन खरोखरच्या बॉम्बरवर चाल करून जायचा आणि शिकाऊ गनर त्याच्यावर खऱ्या मशीनगनने या भुगा होणाऱ्या गोळ्या झाडायचे. नेम लागला की विमानाच्या नाकावरचा, पंख्याच्या मध्यातला दिवा पेटायचा. नेम लागल्यावर दिवा पेटतो म्हणून सैनिकांनी त्या विमानाला नाव दिलं पिनबॉल. त्या पिढीच्या मुलांना दिवे पेटवणारं, गुण मोजणारं यंत्र म्हटलं की कोपऱ्यावरच्या दुकानातलं पिनबॉलच आठवे, नाणं टाकून चेंडू उडवायचा तो खेळ.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर बंदी होती. महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी जानेवारी 1942 मध्ये ती घातली आणि जप्त केलेली यंत्रं हातोड्यांनी फोडली. ला गार्डिया स्वतः पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर बॉम्बर विमानांतून उडालेले. पोरांचे पैसे लुबाडणारा जुगार, असंच ते पिनबॉलकडे बघत. ती बंदी उठायला 1976 उजाडलं.

शिकवणी संपून गनर इंग्लंडला पोहोचला की तिथे दिवे पेटणं वगैरे काही नव्हतं. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशांची थंडी. विजेवर तापणारा सूट बिघडला तर बोटं गेलीच. बी-17 च्या पोटाखालच्या गोल टरेटमध्ये, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या कोठडीत, गुडघे जवळजवळ छातीशी घेऊन तासन् तास बसायचं, आणि आत बहुधा पॅराशूटला जागा नसायची. सुरुवातीला 25 मोहिमा झाल्या की घरी पाठवत, पुढे तो आकडा वाढवून 30 आणि मग 35 केला. 1943 मध्ये श्वाइनफुर्टवर दोन मोठे हल्ले झाले, ऑगस्टमध्ये (त्याच मोहिमेत रेगेन्सबुर्गवरही) आणि ऑक्टोबरमध्ये, आणि दोन्ही वेळा 60-60 बॉम्बर परतले नाहीत. एका बॉम्बरवर दहा माणसं. इंग्लंडहून उडणाऱ्या आठव्या वायुदलाची 26,000 हून अधिक माणसं मेली. जे परत आले ते वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी धोका, अंदाज आणि शक्यता यांच्याशी इतक्या जवळून झगडले होते की त्यांच्यापुढच्या आयुष्याबद्दल वाचताना मला हे विसरता येत नाही.

आता यंत्रांचा धंदा. स्लॉट मशीन आणि पिनबॉलची राजधानी शिकागो. 1942 मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने करमणुकीची यंत्रं बनवणंच थांबवलं आणि बॅलीसारख्या कंपन्या लष्करी माल बनवू लागल्या. पण आधी बनलेली यंत्रं होतीच, आणि ती गेली छावण्यांच्या क्लबांत. होनोलुलूमध्ये 1940 साली मार्टिन ब्रॉमली आणि भागीदारांनी स्टँडर्ड गेम्स ही कंपनी काढली ती नेमकी हवाईतल्या लष्करी तळांना स्लॉट मशीन पुरवण्यासाठी. ओहायोच्या नाहीतर आयोवाच्या शेतकरी घरातल्या पोराने जुगाराचं यंत्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते अनेकदा अशाच क्लबात. युद्धानंतर हीच मंडळी सर्व्हिस गेम्स या नावाने नव्याने उभी राहिली. 1951 च्या जॉन्सन कायद्याने संघराज्याच्या हद्दीतल्या तळांवर ही यंत्रं बंद केली. मग ब्रॉमलीने 1952 मध्ये आपली माणसं टोकियोला धाडली, कारण जपानमध्ये अमेरिकेचे तळ भरलेले होते. डेव्हिड रोझेन हाही वायुदलाच्या नोकरीतच जपानला आलेला, त्याने तिथे फोटो बूथ आणि नाण्यावरच्या खेळांचा धंदा मांडला. 1965 मध्ये दोन्ही धंदे एक झाले आणि नाव पडलं सेगा एंटरप्रायझेस. त्यांचा 1966 चा गाजलेला खेळ पेरिस्कोप, त्यात पाणबुडीतून जहाजांवर टॉर्पेडो सोडायचे. जगभरच्या मुलांना माहीत असलेली सेगा अशी लष्करी क्लबांतल्या स्लॉट मशीनांतून उगवली आहे.

इकडे लास वेगसचं रूपच बदललं. एल रांचो वेगस हे स्ट्रिपवरचं, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरचं, पहिलं हॉटेल एप्रिल 1941 मध्ये उघडलं, म्हणजे गनरी स्कूलच्याच वर्षी. शाळेच्या लष्करी अधिकाऱ्यांनी गावातली वेश्यावस्ती दबाव आणून बंद करायला लावली, जुगार मात्र चालू राहिला. जवळच्या हेंडरसनला मॅग्नेशियमचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आगलावे बॉम्ब आणि विमानांसाठी. 1950 पर्यंत गाव 24,624 वर गेलं, दहा वर्षांत जवळपास तिप्पट. ज्यांनी सैन्यात असताना नेव्हाडा पाहिला त्यांच्यातले काही परत आले. ओमाहाचा जॅकी गॉघन वायुदलात असताना नेव्हाडातल्या टोनोपाहच्या तळावर होता. पुढे त्याने लास वेगसमध्ये एकेक करत कॅसिनोंत भागीदारी घेतली आणि 1963 मध्ये एल कॉर्टेझ हे कॅसिनो-हॉटेल विकत घेतलं.

हा रस्ता सगळ्यांना सारखा खुला नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. 1949 मध्ये वायुदलाची नेमबाजी स्पर्धा लास वेगसच्या तळावर झाली, तेव्हा पंख्याच्या विमानांच्या गटात पहिला नंबर मिळवला कृष्णवर्णीय वैमानिकांच्या 332 व्या फायटर ग्रुपने. ट्रॉफी दिली गेली फ्लेमिंगो हॉटेलात. पण स्ट्रिपवरच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना पाहुणा म्हणून प्रवेश मिळायला 1960 उजाडावं लागलं. ती ट्रॉफी पुढे कित्येक दशकं गोदामात पडून राहिली आणि विजेत्यांच्या नोंदीत त्या वर्षासमोर अज्ञात असं लिहिलेलं असे.

तरीही पन्नाशीच्या दशकात एखाद्या पदवीधर माजी गनरला कॅसिनोत अधिकारी होणं सोपं नव्हतं. पैसा गुन्हेगारी टोळ्यांचा. संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉवर यांच्या समितीने नोव्हेंबर 1950 मध्ये लास वेगसला सुनावणी घेतली तेव्हा ते देशभर गाजलं. बहुतेक बँका कर्ज देत नसत. आणि मुख्य अडचण कायद्याची: कॅसिनोच्या प्रत्येक मालकाला स्वतःचा परवाना लागे. हजारो भागधारक असलेल्या कंपनीने प्रत्येक भागधारकाचा परवाना काढायचा तरी कसा? म्हणून मोठ्या कंपन्या लांबच राहिल्या. 1966 च्या नोव्हेंबरात विमान उद्योगपती हॉवर्ड ह्यूज लास वेगसला येऊन राहिला आणि पुढच्या वर्षीपासून एकेक हॉटेल विकत घेत सुटला, त्यामुळे धंद्याची अब्रू थोडी सुधारली. 1967 आणि 1969 च्या कायदेबदलांनी परवाना फक्त प्रमुख भागधारक आणि अधिकाऱ्यांपुरता ठेवला. आता शेअर बाजारातली कंपनी कॅसिनो चालवू शकत होती. तिला हवे होते ताळेबंद वाचणारे, माणसं हाताळणारे, पोलिसांकडे नोंद नसलेले अधिकारी. युद्धातून परतलेली, सरकारी खर्चाने शिकलेली पिढी नेमकी तेव्हा पंचेचाळीस-पन्नाशीत होती. लष्करात चांगली सेवा केल्याची नोंद असली की परवान्याच्या चौकशीत तिचं वजन पडणार, हे उघड आहे.

त्या पिढीतले दोघे, गनर नव्हे तर वैमानिक, फार मोठे झाले. कर्क केर्कोरियनने कॅनडातून स्कॉटलंडला मॉस्किटो बॉम्बर पोहोचवण्याचं काम केलं होतं, अशी 33 विमानं. त्या लाकडी विमानाच्या टाकीत अटलांटिक ओलांडण्याइतकं इंधनच बसत नसे. वाटेत थांबे घेत लांबचा मार्ग धरायचा, नाहीतर पाठीमागून वाऱ्याचा झोत मिळेल या भरवशावर सरळ जायचं. त्याने 1969 मध्ये इंटरनॅशनल आणि 1973 मध्ये एमजीएम ग्रँड बांधलं, दोन्ही वेळा ते जगातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलांत गणलं गेलं.

दुसरा विल्यम बेनेट, नौदलाचा डाइव्ह बॉम्बर वैमानिक. युद्धानंतर ॲरिझोनात फर्निचरची दुकानं चालवली, मग डेल वेब कंपनीच्या कॅसिनोंत कामाला लागला. 1974 मध्ये विल्यम पेनिंग्टनबरोबर त्याने तोट्यात चाललेलं सर्कस सर्कस हे कॅसिनो-हॉटेल चालवायला घेतलं. उधळ्या श्रीमंतांच्या मागे लागणं सोडलं. खोल्या स्वस्त, जेवण स्वस्त, मुलाबाळांसकट येणारी कुटुंबं आणि ओळीने मांडलेली स्लॉट मशीन. बॅलीने 1963 च्या सुमारास विजेवरचं मनी हनी आणल्यापासून मशीनला एका दमात 500 नाणी देता येत होती, त्यामुळे छोट्या नाण्यांच्या खेळातही मोठी कमाई निघू लागली होती. बेनेटने सगळा जोर त्यावरच दिला. सर्कस सर्कसचे शेअर 1983 मध्ये बाजारात आले, 1990 मध्ये कंपनीने 4,000 हून अधिक खोल्यांचं एक्सकॅलिबर उघडलं, तीन वर्षांनी लक्झर. त्याच दशकाच्या मध्याला कंपनीतून बाहेर पडावं लागल्यावर सत्तरीच्या बेनेटने सहारा हॉटेल विकत घेतलं आणि 2002 मध्ये मरेपर्यंत ते त्याच्याकडेच होतं.